सांध्यातला गंज आणि तड्यांचे गणित

28 एप्रिल 1988 रोजी हवाई बेटांवरील हिलोहून होनोलुलूकडे निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 विमानाच्या छताचा सुमारे साडेपाच मीटर लांबीचा भाग 24,000 फुटांवर उडून गेला. एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. वैमानिकांनी विमान माउई बेटावर उतरवले आणि उरलेले 94 जण वाचले. त्या विमानाची 89,680 उड्डाणे झाली होती, आणि केबिनमधील दाबामुळे दर उड्डाणात विमानाचे कवच एकदा फुगून पुन्हा आकसत असल्याने हा आकडा त्याच्या खऱ्या वयाइतकाच बोलका आहे.

कवचाचे पत्रे एकमेकांवर चढवून चिकट थराने आणि रिव्हेटांच्या तीन रांगांनी जोडलेले होते. भार त्या थराने पेलावा अशी योजना होती. पण थर सुटला, आत ओल शिरली, गंज धरला आणि भार रिव्हेटांवर आला. पत्रा जेमतेम 0.9 मिलिमीटर जाडीचा होता. रिव्हेटचे डोके सपाट बसावे म्हणून भोकाचे तोंड तिरके कापल्यामुळे त्याची खालची कड सुरीच्या धारेसारखी झाली होती. तिथून शेजारशेजारच्या भोकांत बारीक तडे निघाले आणि ते एकमेकांना मिळाले.

तडा दर चक्राला, म्हणजे कवचाच्या एका फुगण्या-आकसण्याला, किती वाढेल, हे संगणकावर पॅरिसच्या (पॉल पॅरिस या अभियंत्याच्या) नियमाने काढतात. तड्याच्या टोकावरील ताणाची तीव्रता दुप्पट झाली, तर अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूत वाढीचा वेग साधारण आठ ते सोळा पट होतो. म्हणूनच गंजाचा हिशेब केवळ 'पत्रा किती झिजला' एवढ्यावर सोडणे मला धोक्याचे वाटते. गंजून तयार होणारा पदार्थ मूळ धातूच्या सुमारे साडेसहा पट जागा मागतो. दोन पत्र्यांच्या फटीत तो साचला की रिव्हेटांमधला पत्रा उशीसारखा फुगतो, आणि विमान जमिनीवर उभे असतानाही भोकांच्या कडांवर ताण कायम राहतो. संगणकावरच्या प्रतिरूपात (मॉडेलमध्ये) हा फुगवटा घातला नाही, तर तड्याचे आयुष्य फसवे लांब दिसते.

गंजाचे खड्डे कुठे, किती खोल पडतील हे निश्चित नसल्याने तेच गणित वेगवेगळे खड्डे धरून हजारो वेळा करतात. तडा उपकरणाला दिसू लागल्यापासून घातक लांबीला पोहोचेपर्यंत किती उड्डाणे होतील, हे त्यातून कळते, आणि त्या अवधीत किमान दोनदा तपासणी होईल असे वेळापत्रक आखले जाते.