सामने ३८०, पुरावा शून्य

२१ मे २०२५ रोजी बिलबाओमध्ये युरोपा लीगचा अंतिम सामना झाला. टॉटनहॅमने मँचेस्टर युनायटेडला १-० असं हरवलं. त्या मोसमात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये वीस संघांत टॉटनहॅम १७ वा आला होता आणि युनायटेड १५ वा. आपल्याच लीगमध्ये तळाशी घुटमळणारे दोन संघ युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेत अंतिम फेरी गाठतात, म्हणजे ती लीग किती ताकदवान असेल!

हा युक्तिवाद निदान योग्य दिशेचा आहे, कारण त्यात लीगच्या बाहेरचे सामने विचारात घेतले आहेत. प्रीमियर लीगचे चाहते एरवी देतात तो पुरावा वेगळाच असतो: ‘आमच्याकडे शेवटचा संघसुद्धा पहिल्याला हरवतो.’ यातून एवढंच कळतं की ते वीस संघ एकमेकांच्या जवळपास आहेत. सगळे उत्तम असले तरी असं होईल आणि सगळे सुमार असले तरी असंच होईल.

हे नीट समजण्यासाठी एलो पद्धत पाहू. बुद्धिबळामुळे ती आपल्या परिचयाची आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखचं रेटिंग वाढलं, अशी बातमी येते ते हेच रेटिंग. अमेरिकेत स्थायिक झालेले हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञ आर्पाद एलो यांनी ते मांडलं, जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारलं आणि २०१८ पासून फिफाची पुरुष संघांची क्रमवारीही त्याच तत्त्वावर चालते.

प्रत्येक संघाला गुण असतात. दोन संघांच्या गुणांतल्या फरकावरून निकालाची अपेक्षा काढतात. विजयाला १, बरोबरीला अर्धा आणि पराभवाला शून्य धरलं, तर १०० गुणांनी पुढे असलेल्या संघाकडून सरासरी ०.६४ अपेक्षित असतात, २०० गुणांनी पुढे असलेल्याकडून ०.७६ आणि ४०० गुणांनी पुढे असलेल्याकडून ०.९१. सामना झाला की प्रत्यक्ष निकालातून ही अपेक्षा वजा करायची आणि उरलेल्या आकड्याला एका ठरावीक संख्येने, समजा २० ने, गुणायचं. जेवढे गुण एकाला मिळतात, तेवढेच दुसऱ्याचे जातात.

माझ्या दृष्टीने या पद्धतीचं खरं सौंदर्य या शेवटच्या वाक्यात आहे. प्रीमियर लीगमध्ये मोसमाला ३८० सामने होतात. त्या सगळ्यांनंतर वीस संघांच्या गुणांची बेरीज जिथल्या तिथेच राहते. घरातल्या घरात पैसे लावून पत्ते खेळले तर या खिशातले त्या खिशात जातात, घर श्रीमंत होत नाही. लीगची बेरीज हलते ती बाहेरच्यांशी झालेल्या सामन्यांमुळेच.

आता हे बाहेरचे गुण लीगमध्ये झिरपतात कसे ते पाहा. समजा प्रीमियर लीगमधलं आर्सेनल आणि स्पेनचं रेआल माद्रिद दोघांचे १९५० गुण आहेत. आर्सेनल जिंकलं, १० गुण मिळाले, झाले १९६०. पुढच्या आठवड्यात १७०० गुणांच्या एव्हर्टनने आर्सेनलला बरोबरीत रोखलं. फरक २६० चा, त्यामुळे एव्हर्टनकडून अपेक्षा होती ०.१८३. मिळाला अर्धा, म्हणून एव्हर्टनला ६.३४ गुण. आर्सेनल १९५० वरच असतं तर ६.१७ मिळाले असते. म्हणजे माद्रिदकडून आलेल्या १० गुणांपैकी या बरोबरीतून एव्हर्टनपर्यंत जादा पोचले ते जेमतेम ०.१७. युरोपीय स्पर्धांत कधीच न खेळणाऱ्या संघाचं रेटिंग असं थेंबाथेंबाने, अनेक मोसमांत, योग्य जागी येतं. एका रात्रीच्या निकालावरून लीगचा निवाडा करता येत नाही तो यामुळेच.

बाहेरचे दुवेच तुटले तर? इतिहासात हे घडलं आहे. १९७७ ते १९८२ सलग सहा वर्षं युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, ही युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा इंग्लिश क्लबांनी जिंकली होती. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये इंग्लिश चाहत्यांच्या हुल्लडीत ३९ माणसं मृत्युमुखी पडली आणि इंग्लिश क्लबांवर १९९० पर्यंत युरोपीय स्पर्धांची बंदी आली. त्या पाच वर्षांत इंग्लंड आणि इटली यांच्यात सरस कोण, हे सांगायला आकडेच नाहीत. बंदी उठल्यावर पहिल्याच मोसमात मँचेस्टर युनायटेडने बार्सिलोनाला हरवून कप विनर्स कप ही युरोपीय स्पर्धा जिंकली. पण वरचा थेंबाथेंबाचा हिशोब आठवा, एका करंडकाने पाच वर्षांची पोकळी भरत नाही.

युरोपीय फुटबॉल महासंघ, म्हणजे युएफा, देशांना जो अधिकृत गुणांक देतो तो याहून ढोबळ आहे. त्यात विजयाला दोन गुण, बरोबरीला एक, मग देशाच्या क्लबांच्या संख्येने भागाकार आणि पाच वर्षांची बेरीज. प्रतिस्पर्धी कोण होता याचा विचारच नाही, मग तिसऱ्या क्रमांकाच्या कॉन्फरन्स लीगमधला सोपा विजयही दोनच गुणांचा आणि माद्रिदमध्ये मिळवलेलाही दोनच.

इथे ‘सुपरकॉम्प्युटरचं भाकीत’ असल्या मथळ्यांबद्दलही बोलायला हवं. त्यामागे बहुधा अशीच एखादी रेटिंग पद्धत असते आणि ती शक्यता सांगते, भविष्य नाही. एखादं भाकीत खरं ठरलं, तरी तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. २०१० च्या विश्वचषकात पॉल नावाच्या ऑक्टोपसने आठपैकी आठ सामने बरोबर ‘सांगितले’. नाणेफेकीने असं होण्याची शक्यता २५६ मध्ये एक. जगभर शेकडो प्राण्यांपुढे दोन संघांच्या झेंड्यांचे डबे ठेवले, तर एखादा जमवणारच, आणि बातमी त्याचीच होते.

आता पैसा. प्रीमियर लीगचा देशांतर्गत थेट प्रक्षेपणाचा करार २०१३-१६ साठी ३०१.८ कोटी पौंडांचा होता, २०१६-१९ साठी ५१३.६ कोटींचा. तीन वर्षांत ७० टक्के वाढ. म्हणून इंग्लिश फुटबॉल ७० टक्के सुधारलं का? नाही. सगळे क्लब त्याच खेळाडूंवर बोली लावतात, त्यामुळे किमतीही चढतात. वेगवेगळ्या काळांची तुलना करताना कोट्यवधींचे आकडे बाजूला ठेवून इतर लीगच्या किती पट उत्पन्न आहे, ते पाहावं. २०२३-२४ मध्ये प्रीमियर लीगचं उत्पन्न दुसऱ्या क्रमांकाच्या लीगच्या जवळपास दुप्पट होतं. एलोचंही तसंच आहे. गुण तुलनेपुरतेच असल्याने १९९० च्या एसी मिलानचा आकडा आजच्या संघाच्या आकड्याशेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही.

आणि पैसा वाटला कसा जातो हेही तितकंच महत्त्वाचं. इंग्लंडकडे ज्यादा पैसा असतानाही २०१४ ते २०१८ सलग पाच वर्षं चॅम्पियन्स लीग रेआल माद्रिद नाहीतर बार्सिलोनाने जिंकली. स्पेनमध्ये त्याआधीपासून प्रत्येक क्लब आपले प्रक्षेपण हक्क स्वतंत्र विकत असे आणि मोठा वाटा या दोघांकडे जाई. शेवटी २०१५ मध्ये सरकारने वटहुकूम काढून एकत्रित विक्री सुरू केली. इंग्लंडमध्ये देशांतर्गत हक्कांचा निम्मा पैसा समान वाटतात. त्यामुळे स्पेनची शिखरं उंच दिसली आणि इंग्लंडचं पठार. २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि युरोपा लीग या दोन्हींच्या अंतिम सामन्यांतले चारही संघ इंग्लिश होते.

२०२४ पासून चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात ९६ ऐवजी १४४ सामने होतात आणि एका देशाचे संघ त्यात शक्यतो समोरासमोर आणत नाहीत. म्हणजे दुवे थेट दीडपट झाले. स्पर्धा लांबली म्हणून अनेकांनी नाकं मुरडली, पण लीगची तुलना करणाऱ्याच्या हाती इतकी सामग्री या टप्प्यातून आधी कधीच येत नव्हती.