स्टॅनफर्ड आडनावाचा दुकानदार

स्टॅनफर्डला प्रवेश मिळाला की आपल्याकडे पेढे वाटले जातात. त्या नावामागचा माणूस मात्र दुकानदार होता.

लीलंड स्टॅनफर्डचा जन्म 1824 चा, न्यूयॉर्क राज्यातला. विस्कॉन्सिनमध्ये वकिली चालू असताना आगीत कायद्याची पुस्तकं जळाली आणि 1852 मध्ये तो भावांपाठोपाठ कॅलिफोर्नियात आला. सगळे सोनं खणत होते; यानं खणणाऱ्यांना किराणा आणि सामान विकलं.

1861 मध्ये तो सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा अध्यक्ष झाला. सोबतचे तिघेही सॅक्रामेंटोचे व्यापारीच: हंटिंग्टन आणि हॉपकिन्स यांचं हार्डवेअरचं दुकान, क्रॉकरचं कापडाचं. त्याच वर्षी स्टॅनफर्ड गव्हर्नर म्हणून निवडून आला. जानेवारी 1862 मध्ये शपथ घ्यायला तो होडीतून गेला, कारण सॅक्रामेंटोत पूर आला होता. परतल्यावर म्हणे वरच्या मजल्याच्या खिडकीतून घरात शिरावं लागलं.

गव्हर्नरही तोच, कंपनीचा अध्यक्षही तोच. केंद्र सरकार रेल्वेला मैलामागे कर्जरोखे देई: सपाटीवर 16,000 डॉलरचे, डोंगरात 48,000 चे. मग डोंगर सुरू होतो कुठे? राज्याचे भूगर्भतज्ज्ञ व्हिटनी यांनी मातीचा रंग पाहून आर्केड क्रीक दाखवलं, सॅक्रामेंटोपासून जेमतेम सात मैलांवर. जमीन तिथे तळहातासारखी सपाट! लिंकननी तरीही मान्यता दिली.

चिनी मजुरांचंही तसंच. गव्हर्नर होताना आशियाई लोक इथे नकोत असं भाषण ठोकणाऱ्या स्टॅनफर्डनं 1865 मध्ये राष्ट्राध्यक्षांना पाठवलेल्या अहवालात या मजुरांना शांत, सोशिक, कष्टाळू म्हटलं. सिएरा पर्वतातले बोगदे मुख्यतः त्यांनीच खोदले, तेही गोऱ्यांपेक्षा कमी मजुरीवर. 10 मे 1869 ला युटामधल्या प्रोमोंटरीत पूर्वेकडून आलेल्या रेल्वेशी रूळ जुळले, तेव्हा सोन्याचा खिळा ठोकायचा मान स्टॅनफर्डचा.

1884 मध्ये त्याचा एकुलता मुलगा फ्लोरेन्समध्ये विषमज्वरानं गेला. सोळावं वर्षही पुरं झालं नव्हतं. विद्यापीठ त्या मुलाच्या नावाचं. 1885 मध्ये त्याची स्थापना झाली आणि त्याच वर्षी बाप सिनेटरही झाला. वर्ग भरले 1891 मध्ये.

1893 मध्ये स्टॅनफर्ड वारला आणि रेल्वेचं जुनं कर्ज पुढे आलं. सरकारनं त्याच्या मालमत्तेवर सुमारे दीड कोटी डॉलरचा दावा लावला. 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळेपर्यंत त्याची बायको जेन कोर्टानं मंजूर केलेल्या घरखर्चातून प्राध्यापकांचे पगार भागवत होती.