'इन्फिनिट' लूप थांबतो कसा?

जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतलं की एक प्रोग्राम हमखास लिहिला जातो : दहापासून एकपर्यंत उलटे आकडे छापा. फॉर लूप (अट खरी असेपर्यंत तेच काम पुन्हा पुन्हा करणारी रचना) मांडायचा, आय या व्हेरिएबलची, म्हणजे आकडा ठेवायच्या डब्याची, सुरुवात १० पासून, अट 'आय शून्याहून मोठा असेपर्यंत' आणि दर फेरीनंतर आय एकने कमी. नेमकं इथे बोट सवयीने चुकतं आणि 'आय मायनस मायनस'च्या जागी 'आय प्लस प्लस' लिहिलं जातं. प्रोग्राम बिनतक्रार कंपाइल होतो, म्हणजे चालवण्याजोग्या रूपात उतरतो, आणि चालवला की १०, ११, १२ करत आकडे स्क्रीनवर पळत सुटतात. कुणाला वाटतं व्हायरस शिरला, जाणकार म्हणतात 'इन्फिनिट लूप'.

व्हायरसचं सोडून द्या, पण जाणकारांचं निदानही चुकलेलंच. हा लूप अनंत नाही. आय लूपच्या बाहेर डिक्लेअर करा, आतली छापण्याची ओळ काढा आणि लूप संपल्यावर आय किती झाला ते छापा. साध्या लॅपटॉपवरही काही क्षणांत उत्तर येतं : उणे २,१४,७४,८३,६४८.

एकेक वाढवत गेलो आणि पोचलो उण्यात! ही गंमत मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर.

आपला आय 'इंट' म्हणजे पूर्णांक प्रकारचा आहे. जावातला इंट ३२ बिटांचा, म्हणजे ० किंवा १ अशा ३२ अंकांचा असतो. समजायला सोपं जावं म्हणून ४ बिटांचाच धरू. द्विमान पद्धतीत स्थानांच्या किमती उजवीकडून १, २, ४, ८. उणे संख्याही मांडणाऱ्या 'टूज कॉम्प्लिमेंट' पद्धतीत बदल एकच : सर्वांत डावीकडच्या स्थानाची किंमत उणे ८. म्हणजे ०१११ झाले ७. त्यात १ मिळवला की हातचा सरकत सरकत डाव्या टोकाला जातो आणि उरतं १०००, म्हणजे उणे ८. गाडीचा किलोमीटर मीटर भरला की शून्यावर येतो. हा मात्र थेट तळाशी जातो. तिथून १००१ म्हणजे उणे ७, असं चढत ११११ म्हणजे उणे १, आणि पुढच्या पावलाला बाहेर पडलेला हातचा सोडून दिला की ०००० !

एवढा खटाटोप कशासाठी? वजाबाकीसाठी. ५ मधून ३ काढायचे तर ०१०१ मध्ये ११०१ (उणे ३) मिळवा, बाहेरचा हातचा टाका, उरतं ००१०, म्हणजे २. बेरजेचं सर्किटच वजाबाकी करतं.

३२ बिटांत डाव्या टोकाची किंमत उणे २,१४,७४,८३,६४८ असते. आपला आय २,१४,७४,८३,६४७ ला पोचतो, आणखी एक मिळवला की उण्यात जातो, 'शून्याहून मोठा' ही अट खोटी ठरते आणि लूप सुटतो. हे वागणं जावाच्या नियमांतच लिहिलेलं आहे. सी भाषेत तसा नियम नाही. तिथला कंपायलर 'ही अट कायम खरीच' असं गृहीत धरून लूप खरोखर अनंत करू शकतो.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने बोइंग ७८७ बद्दल इशारा दिला होता : वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटर नियंत्रकांमधला काउंटर (मोजणारा आकडा) ओव्हरफ्लो होऊन, म्हणजे कमाल मर्यादेपलीकडे जाऊन, वीजपुरवठा जाऊ शकतो. काउंटर सेकंदाला शंभरदा वाढतो असं धरून २,१४,७४,८३,६४८ ला शंभराने भागा, ते सेकंद समजा आणि दिवस काढा. २४८ आणि वर थोडे येतात.

मग असे सगळेच लूप आधी पकडणारं साधन का नाही? कुठलाही प्रोग्राम थांबेल की नाही हे अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्येच सिद्ध केलं. त्यामुळे 'आमचं एआय प्रत्येक इन्फिनिट लूप पकडतं' अशा जाहिराती वाचून हसावं आणि पुढे जावं.

उलट्या आकड्यांची दुरुस्ती सोपी, प्लसचे मायनस करा. खरा अनंत लूप हवाच असेल तर प्लस तसेच ठेवा आणि अट लिहा : आय इंटच्या कमाल मूल्याहून लहान किंवा त्याच्याइतका. इंट त्याहून मोठा होऊच शकत नाही, त्यामुळे आय तळाशी जाऊन पुन्हा चढतो, पुन्हा तळाशी जातो आणि अट खोटी कधीच ठरत नाही.