सिलिकॉनच्या उभ्या भिंतीवर नक्षी : पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोली ते महापे डेटा सेंटरच्या इमारती वाढत चालल्यात. आतल्या चिपची उष्णता काढणं हे तिथलं मोठं काम. त्यावरचा एक उपाय 1981 सालीच स्टॅनफर्डच्या टकरमन आणि पीज यांनी दाखवला होता. चिपच्या पाठीत 50 मायक्रॉन रुंद, सुमारे 300 मायक्रॉन खोल चर कोरायचे आणि त्यांतून पाणी खेळवायचं. दर चौरस सेंटिमीटरला 790 वॉट उष्णता त्यांनी अशी वाहून नेली. एवढ्या खोल चरात दोन भिंतींचं क्षेत्रफळ तळाच्या बारा पट भरतं. खरा कारभार भिंतींवरच चालतो, म्हणून नक्षीही तिथेच हवी.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने कोरलं तर नेहमीच्या वेफरमध्ये, म्हणजे चिप बनवायच्या सिलिकॉनच्या चकतीत, भिंत 54.7 अंशांनी तिरकी उतरते. चिपवरची नक्षी प्रकाशाने उमटवतात; तिरक्या भिंतीवर वरून प्रकाश पडतो, म्हणून तिच्यावर नक्षी काढता येते. वेगळ्या कापाच्या वेफरमध्ये भिंती उभ्याही मिळत, पण ठरावीक दिशेतच.

1992 साली बॉश कंपनीच्या फ्रान्झ लेर्मर आणि आंद्रेआ शिल्प यांनी ही अट काढून टाकली. सल्फर हेक्साफ्लोराइडच्या प्लाझ्माने (विजेने भारलेल्या वायूने) काही सेकंद कोरायचं, मग दुसऱ्या वायूने टेफ्लॉनसारखा पातळ थर चढवायचा आणि पुन्हा कोरायचं. वरून आदळणारे आयन तळावरचा थर उडवतात, भिंतीवरचा टिकतो. कुठल्याही आकाराचा चर आता सरळ खाली जाऊ लागला, आणि तिथेच पंचाईत झाली. उभ्या भिंतीला प्रकाश नुसता चाटून जातो. वेफर फिरवून फोटोरेझिस्ट (नक्षी धरणारं, प्रकाशाने बदलणारं रसायन) पसरवावं, तर ते चरात साचतं आणि कडेवर विरळ होतं.

तशा दोन प्रकारच्या रेघा आपसूक मिळतात. मास्कची, म्हणजे आकार ठरवणाऱ्या वरच्या साच्याची, कड दातेरी ठेवली की उभ्या. प्रत्येक फेरीला उमटणाऱ्या पन्हाळींमुळे आडव्या. या पन्हाळी बहुतेकांना नकोच असतात, हायड्रोजनमध्ये तापवून त्या गुळगुळीत करतात. अवघड आहे ते भिंतीच्या मधोमध एखादा चौकोनी ठिपका काढणं. त्यासाठी रेझिस्ट फवारायला लागले, किंवा सर्किट बोर्डाच्या धंद्यातून आलेलं, विजेने चढणारं रेझिस्ट वापरू लागले. प्रकाशही तिरका सोडतात, पण मास्कपासून अंतर वाढलं की कडा पसरतात. धातूची वाफ तिरकी सोडणं त्यामानाने सोपं: एका भिंतीवर थर बसतो, समोरची सावलीत राहते.

नवी मुंबईतल्या संशोधकांसाठी जवळची प्रयोगशाळा खाडीपलीकडे, पवईच्या आयआयटीत. तिथली नॅनोफॅब्रिकेशनची सोय केंद्र सरकारच्या योजनेतून बाहेरच्या संशोधकांनाही खुली झाली.