पाउंड फॉर पाउंड मानांकन

सगळे मुष्टियोद्धे एकाच वजनाचे असते तर त्यांतला सर्वश्रेष्ठ कोण ठरला असता, या प्रश्नाचे उत्तर देऊ पाहणारी व्यावसायिक मुष्टियुद्धातील क्रमवारी. या क्रमांकासाठी सामना होत नाही आणि कोणतीही संघटना त्यासाठी जेतेपद देत नाही. पुरुषांच्या मुष्टियुद्धात सर्वसाधारणपणे 17 वजनगट मानले जातात. सर्वांत हलका गट 105 पौंडांचा (47.6 किग्रॅ.), तर 200 पौंडांच्या (90.7 किग्रॅ.) वर हेवीवेट. 112 पौंडांच्या फ्लायवेटची आणि हेवीवेटची रिंगणात गाठ पडणे शक्य नाही, त्यामुळे ही लढत कायम कागदावरच होते आणि तिचा निकाल कधीच लागत नाही.

हा शब्दप्रयोग आधीपासून होता, पण तो रूढ झाला तो शुगर रे रॉबिन्सनमुळे. तोवर हेवीवेट विजेता तोच जगातला श्रेष्ठ, असे गृहीत धरले जाई. रॉबिन्सन 1946 साली वेल्टरवेट (147 पौंड) विजेता झाला आणि पुढे मिडलवेटचे (160 पौंड) जेतेपद त्याने पाच वेळा मिळवले. अंगाने त्याच्याहून थोराड असलेल्या जेक लामोटाशी तो सहा वेळा लढला. त्यांतले पाच सामने त्याने जिंकले. 25 जून 1952 रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये जोई मॅक्सिमविरुद्ध तो लाइट हेवीवेटच्या (175 पौंड) जेतेपदासाठी उतरला. गुणांत तो पुढे होता, पण उकाडा असा होता की दहाव्या फेरीनंतर पंचच बदलावे लागले आणि तेराव्या फेरीनंतर रॉबिन्सनला स्टुलावरून उठता आले नाही. नोंदीत हा पराभव आहे. त्याचे समर्थक मात्र हाच सामना त्याच्या थोरवीचा पुरावा म्हणून सांगतात.

आज अशा याद्या अनेक आहेत. 1922 साली सुरू झालेल्या ‘द रिंग’ मासिकाची यादी त्याचे मानांकन मंडळ चर्चेने ठरवते. ‘ईएसपीएन’ आपल्या पत्रकारांची मते घेते, तर ‘बॉक्सरेक’ हे संकेतस्थळ संगणकी सूत्राने गुण काढते. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या प्रत्येक गटात आपापले जेतेपद (पट्टा) देणाऱ्या चार प्रमुख संघटनांची मानांकने वजनगटांपुरती असतात. या क्रमांकाने जेतेपदाच्या सामन्याचा हक्क मिळत नाही, मिळते ती प्रतिष्ठा आणि मानधनाच्या वाटाघाटीत थोडे वजन.

वाद होतो तो मोजपट्टीवरून. कोणी हरवलेल्या प्रतिस्पर्ध्यांची प्रत पाहतो, कोणी किती वजनगट सर केले ते मोजतो, तर कोणी केवळ डोळ्यांना दिसणारे कौशल्य मानतो. जुलै 2023 मध्ये चार दिवसांच्या अंतराने झालेल्या दोन सामन्यांत हा गुंता नेमका दिसला. 25 जुलैला टोकियोत नाओया इनोऊए 122 पौंडांच्या गटात प्रथमच उतरला आणि त्याने दोन पट्टे असलेल्या अपराजित स्टीफन फुल्टनला आठव्या फेरीत संपवले. 29 जुलैला लास वेगासमध्ये टेरेन्स क्रॉफर्डने तीन पट्टेवाल्या, तोवर अपराजित एरल स्पेन्सला दुसऱ्या फेरीत एकदा व सातव्या फेरीत दोनदा पाडले, नवव्या फेरीत लढत थांबली आणि 147 पौंडांतले चारही पट्टे क्रॉफर्डकडे आले. ‘द रिंग’ने क्रॉफर्डला पहिला आणि इनोऊएला दुसरा क्रमांक दिला. स्पेन्सचे नाव मोठे होते, म्हणून तेव्हा हा क्रम बहुतेकांना पटला. आक्षेप घेणारे सांगत होते की 2019 च्या मोटार अपघातानंतरचा स्पेन्स पूर्वीचा राहिला नव्हता आणि एप्रिल 2022 नंतर तो रिंगणात उतरलाही नव्हता. उलट फुल्टनने फेब्रुवारी 2025 मध्ये 126 पौंडांत जाऊन पुन्हा पट्टा जिंकला, त्यामुळे इनोऊएच्या विजयाची किंमत मागाहून वाढली. प्रतिस्पर्ध्याची प्रत सामन्याच्या दिवशीची धरायची की नंतर कळलेली, हे आधी ठरवल्याशिवाय या वादात उतरणे म्हणजे वेळ घालवणे होय.

वजनगट चढत जाणे ही सर्वांत लाडकी मोजपट्टी, आणि सर्वांत फसवीही. सामन्याचे वजन बहुधा आदल्या दिवशी घेतले जाते. पाणी तोडून वजन उतरवलेला मुष्टियोद्धा रात्रीत ते बरेच भरून काढतो, त्यामुळे गटाचा आकडा आणि रिंगणातले शरीर यांत मोठा फरक पडतो. शिवाय दोन्ही बाजू गटमर्यादेपेक्षा कमी असे ठरावीक वजन करारात घालू शकतात. 13 नोव्हेंबर 2010 रोजी टेक्ससमधील आर्लिंग्टन येथे मॅनी पॅकियाओ आणि अँटोनियो मार्गारितो 154 पौंडांच्या जेतेपदासाठी लढले, पण मर्यादा ठरली होती 150. वजनकाट्यावर पॅकियाओ 144.6, तर मार्गारितो 150 पौंड भरला. सामन्याच्या रात्री हे आकडे अनुक्रमे 148 व 165 च्या घरात होते. म्हणजे एकाच करारात दोन विरुद्ध गोष्टी आहेत: मोठ्या माणसाला चार पौंड खाली ओढले गेले, आणि तरीही लहान माणूस सतरा पौंडांची तफावत घेऊन बारा फेऱ्या लढून जिंकला. पॅकियाओबद्दल केवळ ‘आठ वजनगटांतला विजेता’ असे लिहिले की यातले काहीच कळत नाही.

गुणपत्रिकेवर डोळे झाकून विसंबल्यानेही घोळ होतो. 10 सप्टेंबर 1993 रोजी सॅन अँटोनियोत पर्नेल व्हिटकरने 87 सामने अपराजित असलेल्या हुलिओ सेझार चावेझला उघडपणे खेळवले, अशी बहुतेक जाणकारांची धारणा आहे. पण दोन गुणलेखकांनी 115-115 दिले आणि तिसऱ्याच्या 115-113 चा व्हिटकरला उपयोग झाला नाही. नोंदवहीत लढत बरोबरीत सुटली. व्हिटकरचा क्रमांक ठरवताना हा सामना विजय धरला पाहिजे, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

हलक्या गटांकडे अमेरिकी दूरचित्रवाणीने फारसे लक्ष दिले नाही, आणि याद्यांतही ते उमटले. सप्टेंबर 2015 मध्ये फ्लॉइड मेवेदर निवृत्त झाल्यावर ‘द रिंग’ने निकाराग्वाच्या रोमान ‘चोकोलातितो’ गोन्झालेझला, म्हणजे एका फ्लायवेटला, पहिला क्रमांक दिला तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. दुसऱ्या टोकाला, हेवीवेटने या यादीत शिरूच नये असे मानणाराही एक पंथ आहे: वजनाचा फायदा वजा करायचा तर सर्वांत जड माणसाकडे उरते काय? ओलेक्सांदर उसिकने या युक्तिवादाची हवा काढली. 2018 मध्ये क्रूझरवेटचे (200 पौंड) चारही पट्टे मिळवलेला उसिक 18 मे 2024 रोजी रियाधमध्ये आपल्याहून जवळपास 40 पौंड जड असलेल्या टायसन फ्युरीशी लढला, नवव्या फेरीत त्याला जेरीस आणले आणि दोन विरुद्ध एक अशा निकालाने हेवीवेटचेही चार पट्टे जिंकले. ‘द रिंग’च्या यादीत जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी टोकियो डोममधील विजयानंतर वर आलेला इनोऊए लगेच दुसरा झाला. इनोऊएचे त्या पंधरवड्यात काहीच बिघडले नव्हते. क्रम केवळ दुसऱ्याच्या कामगिरीने बदलला, आणि चढउतार वाचताना हे सर्वांत जास्त नजरेआड होते.

ताज्या विजयाला जास्त माप देणे, पराभवाच्या रकान्यातले शून्य जपणाऱ्याला धाडसाने हरलेल्यापेक्षा वर ठेवणे आणि नॉकआउटच्या चित्रफितींवरून मत बनवणे या नेहमीच्या चुका आहेत. 13 सप्टेंबर 2025 रोजी क्रॉफर्डने 168 पौंडांत जाऊन कानेलो अल्वारेझकडून चारही पट्टे घेतले. तेव्हाही वाद जुन्याच वळणाने गेला: क्रॉफर्ड किती गट चढून आला हे एक बाजू मोजत होती, तर पस्तिशीतला कानेलो किती ओसरला आहे हे दुसरी.