एनटी किती असायला हवी?

गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की घरात पहिला प्रश्न येतो, "एनटी किती आली?" मग नणंदेची १.३ होती, आपली २.३ का, म्हणून रात्रीची झोप उडते. ही तुलनाच मुळात चुकीची आहे. एनटीचा नॉर्मल आकडा बाळाच्या लांबीबरोबर बदलतो.

या काळात प्रत्येक गर्भाच्या मानेमागे त्वचेखाली थोडा द्रव असतो. पडद्यावर तो काळ्या पट्टीसारखा दिसतो आणि त्या पट्टीची जाडी म्हणजे एनटी. बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी, म्हणजे रिपोर्टमधली सीआरएल, ४५ मिमी असते (सुमारे ११ आठवडे) तेव्हा सर्वसाधारण एनटी १.२ मिमीच्या आसपास असते; सीआरएल ८४ झाली (१३ आठवडे उलटल्यावर) की ती १.९ च्या आसपास जाते. १०० पैकी ९५ बाळं पहिल्या टोकाला साधारण २.१ च्या आत असतात, दुसऱ्या टोकाला २.७ च्या आत. म्हणजे २.३ हा आकडा ११ आठवड्यांना जास्त ठरतो, १३ आठवडे उलटल्यावर मात्र त्यात वावगं काही नाही. चौदाव्या आठवड्यानंतर हा द्रव सहसा ओसरतो, म्हणूनच डॉक्टर तपासणीची तारीख इतकी काटेकोरपणे देतात.

मोजणं मात्र सोपं नाही. बाळ नेमकं बाजूने दिसायला हवं, डोकं आणि छातीने पडदा भरायला हवा, मान सरळ हवी. मान मागे झुकली तर आकडा ०.६ मिमीपर्यंत वाढतो, हनुवटी छातीला टेकली तर ०.४ ने घटतो. गर्भपिशवीचं पातळ आवरण पाठीशी चिकटलेलं असलं तर तेच त्वचा वाटू शकतं. बाळ हलून वेगळं होईपर्यंत थांबावं लागतं. "जरा फिरून या" असं डॉक्टर सांगतात तेव्हा घाबरू नका, तो वेळ अचूक मापासाठी दिलेला असतो.

डाउन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्त असल्याने होणारी जन्मजात स्थिती) असलेल्यांची त्वचा शरीराला मोठी झाल्यासारखी दिसते, हे इंग्लंडचे डॉक्टर लँग्डन डाउन यांनी १८६६ मध्येच नोंदवलं होतं. मानेमागचा द्रव मोजून धोका आधीच ओळखता येईल, हे १९९२ मध्ये लंडनच्या किप्रोस निकोलाईडिस यांच्या गटाने दाखवलं. आईचं वय, एनटी आणि रक्तातली डबल मार्कर चाचणी एकत्र धरली तर डाउन सिंड्रोमच्या १० पैकी सुमारे ९ गर्भांचा अंदाज येतो. पण त्यासाठी सुमारे ५ टक्के निरोगी गर्भही 'जास्त धोका' गटात जातात. हे निदान नव्हे. खात्रीसाठी वारेचा तुकडा किंवा गर्भजल तपासावं लागतं.

एनटी ३.५ च्या वर असणं साधारण शंभरात एका गर्भात दिसतं. गुणसूत्रं नॉर्मल निघाली तरी अशा वेळी बाळाच्या हृदयाची स्वतंत्र सोनोग्राफी करतात, कारण वाढलेल्या एनटीमागे हृदयाचा दोषही असू शकतो. त्याही तपासणीत काही सापडलं नाही, तर यातली बरीच बाळं निरोगी जन्मतात.