दाट द्रवातली बोटं आणि विरघळत्या खडकातली बिळं

काचेच्या दोन पट्ट्या, मध्ये जेमतेम मिलिमीटरभर फट. फटीत ग्लिसरीन भरायचं आणि एका टोकाने रंगीत पाणी ढकलायचं. पाण्याची कड सरळ पुढे सरकेल असं वाटतं, पण बघता बघता तिला बोटं फुटतात. आता चुनखडीचा एक दंडगोल घ्या आणि त्यातून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ढकला. इथेही कड मोडते, इथेही बोटंच. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर कोणतं कशाचं ते पटकन सांगता येत नाही. म्हणूनच दोन्ही ‘बोटं’ या एकाच नावाने खपवली जातात, पण दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिल्याचं गणित सॅफमन आणि टेलर या शास्त्रज्ञांनी 1958 मध्ये मांडलं. पाण्याची कड जिथे किंचित पुढे गेली, त्या वाटेत दाट ग्लिसरीन कमी उरलं आणि पातळ पाणी वाढलं. वाटेचा विरोध घटला, की पाणी तिथेच आणखी धावतं. सगळा खेळ श्यानतेतल्या, म्हणजे द्रवाच्या दाटपणातल्या, फरकाचा. दाट द्रवाने पातळ द्रव ढकलून पाहा, कड सपाट राहते.

दुसऱ्यात श्यानतेचं काही अडत नाही. खडकात आधीपासून पाणी असलं आणि आम्लही पाण्याइतकंच पातळ असलं, तरी बिळं पडतातच. कुठेतरी छिद्रं जराशी मोठी असतात. तिथून आम्ल जास्त जातं, खडक जास्त विरघळतो, छिद्रं आणखी मोठी होतात आणि शेजारच्यांच्या वाट्याचा प्रवाहही तिकडेच वळतो. चॅडम, ऑर्टोलेवा आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये या अस्थिरतेचं विश्लेषण केलं. अशा बिळांना वर्महोल म्हणतात. अवकाशातल्या वर्महोलशी त्याचं नातं नाही, किडीने पोखरलेलं लाकूड डोळ्यांपुढे आणा.

दोन्ही वेगळी आहेत का अशी शंका आली, तर द्रव ढकलणारा पंप बंद करा. ग्लिसरीनमधली बोटं हळूहळू पसरून पुसट होतात, दोन्ही द्रव मिसळून जातात आणि काच जशी होती तशीच राहते. खडकातलं बीळ मात्र कायमचं. प्रयोगशाळेत त्यात सुमारे 70 अंशांना वितळणारा वुड्स मेटल हा मिश्रधातू ओतून तो गोठू देतात आणि मग उरलेला खडक आम्लात विरघळवतात. हातात येते ती झाडाच्या मुळासारखी धातूची फांदी.

खरी गंमत वेगात आहे. तेल आणि पाण्यासारख्या न मिसळणाऱ्या द्रवांत वेग वाढवला की बोटं बारीक होत जातात: वेग चौपट, तर बोटांमधलं अंतर साधारण निम्मं. आम्लाचं असं सरळ नाही. फार हळू सोडलं तर ते तोंडाशीच संपतं. खडकाचा पृष्ठभाग सबंध झिजतो, आत काहीच जात नाही. फार जोरात सोडलं तर प्रतिक्रिया होण्याआधीच ते सगळीकडे पसरतं, बिळांना फाटे फुटत जातात आणि शेवटी खडक सगळीकडून थोडाथोडा विरघळतो. मधल्या एका वेगाला मात्र एक-दोन बारीक, लांब बिळं पडतात आणि सर्वांत कमी आम्लात पलीकडचं टोक गाठतात. यातलं काय घडेल ते प्रतिक्रियेचा वेग आणि वाहून नेण्याचा वेग यांच्या गुणोत्तरावर ठरतं, त्याला डामकोहलर संख्या म्हणतात. चुनखडीतल्या तेलविहिरीत आम्ल सोडणारे अभियंते नेमका हाच मधला वेग शोधत असतात, कारण त्यांना बीळ हवंच असतं.

खडकातलं तेल ढकलायला पाणी सोडणाऱ्यांना बोटं नको असतात. पाणी बोटांतून पुढे निसटतं आणि तेल मागे राहतं. त्यांचा उपाय सोपा आहे, पाण्यात पॉलिमर घालून ते दाट करायचं.

धरणाखालच्या विरघळत्या खडकाला हा उपाय लागू नाही. इराकमधल्या मोसुल धरणाच्या पायात जिप्समचे थर आहेत, आणि जिप्सम साध्या पाण्यातही विरघळतो. तिथे 1980 च्या दशकात जलाशय भरल्यापासून पायात वारंवार ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरावं लागत आलं आहे.